तेच गाणं पुन्हा का लागतं? रेडिओच्या चौकटीमागचा हिशेब

मुंबईत २००७ साली काटा १०४.८ वर नेला की 'म्याव' लागायचं. खास बायकांसाठी काढलेलं, गाण्यांपेक्षा गप्पांवर भर देणारं स्टेशन. २०१० मध्ये त्याच जागी 'ओये' आलं आणि गप्पा मागे पडून नवी हिंदी गाणी पुढे आली. पुढे तिथेच 'इश्क' आलं. फ्रीक्वेन्सी एकच, पण नावं तीन आणि स्वभावही तीन. असं झालं की ऐकणारे म्हणतात, स्टेशन बिघडलं. स्टेशनातली माणसं म्हणतात, फॉरमॅट बदलला.

फॉरमॅट म्हणजे कोणती गाणी, किती, कोणत्या क्रमाने, किती वेळाने पुन्हा, आणि मध्ये बोलणं किती, हे आधीच ठरवून ठेवलेलं वेळापत्रक. ते श्रोत्याच्या आवडीवर चालतं असा समज आहे. प्रत्यक्षात ते आवडीपेक्षा सरकारी अटी, परवान्याची रक्कम आणि जाहिरातीची मिनिटं यांच्यावर जास्त चालतं. कुठल्याही काळातलं स्टेशन घ्या, त्याची गाणी का बदलली याचं उत्तर बहुतेक वेळा या तिघांत सापडतं.

आधी आकाशवाणी. तिथे 'फॉरमॅट' हा शब्द फारसा नव्हता, 'फिक्स्ड पॉइंट चार्ट' होता. कोणत्या वेळेला कोणता कार्यक्रम, हे वर्षानुवर्षं न हलणारं कोष्टक. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन सभा, मध्ये प्रसारण बंद. त्या काळी पुणे ७९२, सांगली १२५१, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, आणि प्रत्येक केंद्राची आपली रेकॉर्ड लायब्ररी. निवेदक क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमाचा कागद, पाहून तबकडी लावायचा. चौकटीत ठरलेला असायचा तो गाण्याचा प्रकार: नाट्यसंगीत, भावगीत, लोकसंगीत, 'आपली आवड'. त्या प्रकारातलं नेमकं गाणं कोणतं, हे माणूस निवडायचा. म्हणून गाणी फिरत राहायची पण वेळ हलायची नाही, आणि लोक रेडिओवर घड्याळ लावायचे.

केंद्रं स्वतः गाणी घडवतही होती. पुणे केंद्राने १९५५-५६ मध्ये गीतरामायणाची ५६ गाणी आठवड्याला एक या हिशेबाने प्रसारित केली. आज एखाद्या खासगी स्टेशनाने वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं स्वतः तयार करून वाजवायचं ठरवलं, तर त्याचा खर्च कोणत्या रकान्यात टाकायचा इथूनच गाडी अडेल.

आकाशवाणीतला पहिला मोठा फॉरमॅट-बदल वरून आला. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. त्यांचा कल शास्त्रीय संगीताकडे होता. चित्रपटगीतं कमी करायची, आणि लावली तरी चित्रपटाचं नाव घ्यायचं नाही, कारण ती फुकट जाहिरात, असं धोरण आलं. निर्मात्यांनी गाणी देणं थांबवलं. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले, आणि त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. जाहिरातदारही श्रोत्यांच्या मागून गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली ती या गळतीवर उपाय म्हणून. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून.

या सगळ्यावर तंत्राचाही दाब होता. मध्यम लहरींवर दोन स्टेशनांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं. त्यामुळे साध्या सेटवर साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज पोचतच नाही. तबल्याची चाट, सतारीची जवार, झांजेची किणकिण सगळं त्याच्या वर. गायकाचा आवाज मात्र बराचसा या पट्ट्यात बसतो. मोजकी वाद्यं आणि पुढे ठेवलेला गळा असलेलं भावगीत अशा सेटवर चांगलं ऐकू यायचं, दाटीवाटीचा वाद्यमेळ चिखल व्हायचा. एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज, तोही स्टिरिओत. एफएम आल्यावर ठेक्याची गाणी पुढे सरकली, त्यात या फरकाचाही वाटा आहे.

१९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्याच एफएम ट्रान्समीटरवरचे तास खासगी मंडळींना विकायला काढले. मुंबईत 'टाइम्स एफएम' ऐकू आला तो असा. यंत्र सरकारी, आवाज खासगी. १९९८ मध्ये ती सोय बंद झाली. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिलेला होता, त्यामुळे खासगी केंद्रांना वाट मिळणार हे दिसतच होतं. १९९९ मध्ये खासगी एफएम परवान्यांचा लिलाव झाला.

आता पैशाचं गणित बघा. मुंबईचा परवाना वर्षाला ९.७५ कोटी रुपयांना गेला आणि त्यात दर वर्षी १५ टक्के वाढ ठरली. चक्रवाढीने मोजलं तर दहाव्या वर्षाची रक्कम ३४ कोटींच्या वर जाते. जाहिरात येवो न येवो, हे पैसे भरायचेच. २००२ मध्ये मुंबईत पाच खासगी स्टेशनं पाठोपाठ सुरू झाली: रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड, विन ९४.६ आणि गो ९२.५. शिवाय खासगी स्टेशनांना बातम्या वर्ज्य. उरली गाणी. ठरलेली मोठी रक्कम डोक्यावर असताना कोणी गझलेचं किंवा मराठी नाट्यगीतांचं स्टेशन काढत नाही, सगळे जिथे सर्वांत जास्त कान आहेत तिथे जातात. म्हणून सगळीकडे तीच नवी हिंदी गाणी. 'गो'ने इंग्रजी गाण्यांची वेगळी वाट धरली होती, पुढे त्याचं 'रेडिओ वन' झालं. 'विन' २००३ मध्ये बंदच पडलं.

२००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ठरलेल्या रकमेऐवजी एकदाच भरायचं प्रवेशशुल्क आणि पुढे एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा अशी पद्धत आली, वर एक किमान रक्कम. छोट्या शहरांत स्टेशन काढणं परवडू लागलं. कोल्हापुरात टोमॅटो एफएम आलं ते याच काळात. पण या टप्प्यात एका कंपनीला एका शहरात एकच वाहिनी. एकच दुकान असेल तर माणूस खपणाराच माल ठेवतो. त्यामुळे नावं वाढली तरी गाणी तीच राहिली.

खरा फरक तिसऱ्या टप्प्याने पाडला. त्याचं धोरण २०११ चं आणि लिलाव २०१५ चा. मोठ्या शहरांत एका कंपनीला एकाहून अधिक वाहिन्या घेता येऊ लागल्या. आता दुसरी वाहिनी पहिलीसारखीच चालवणं म्हणजे आपलेच श्रोते आपणच पळवणं. म्हणून दुसरी जुन्या गाण्यांची. मुंबईत २०१६ मध्ये 'फीव्हर' स्टेशनवाल्यांनी ९१.९ वर 'नशा' काढलं, रेडवाल्यांनी १०६.४ वर 'रेडट्रो', जे पुढे 'मॅजिक' झालं. जुन्या गाण्यांना अचानक बरे दिवस आले त्याला आठवणींइतकंच हे कलमही कारण आहे.

जाता जाता: मुंबईचा काटा बघितला तर ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ असा पाढा दिसतो. एका शहरात दोन स्टेशनांमध्ये ८०० किलोहर्ट्झ, म्हणजे ०.८ मेगाहर्ट्झ अंतर ठेवायचं, असा आपल्याकडचा दंडक आहे. म्हणून मोठ्या शहरातही परवाने मोजकेच निघतात, आणि मोजके म्हणून महाग.

आता स्टेशनाच्या आत. खासगी स्टेशनात आरजे, म्हणजे माइकवर बोलणारा निवेदक, गाणी निवडत नाही, ही गोष्ट अजूनही अनेकांना खरी वाटत नाही. निवडतो म्युझिक मॅनेजर, आणि तोही एकेक गाणं नव्हे, नियम निवडतो. नियम सॉफ्टवेअरला द्यायचे, सॉफ्टवेअर उद्याचा लॉग, म्हणजे मिनिटवार यादी, तयार करतं, मॅनेजर तो तपासतो, आणि लॉग प्रत्यक्ष गाणी वाजवणाऱ्या प्लेआउट यंत्रणेत जातो. आरजेच्या पडद्यावर पुढची गाणी आधीच ओळीने लागलेली असतात.

सगळ्याचा पाया म्हणजे 'क्लॉक', एका तासाचा नकाशा. दुपारच्या तासात साधारण १२ गाणी. पावणेचार मिनिटांचं एक धरलं तर ४५ मिनिटं. राहिलेल्या १५ मिनिटांत जाहिराती, आरजेच्या लिंक (मधलं बोलणं), जिंगल आणि प्रोमो. सकाळी जाहिराती आणि बोलणं दोन्ही जास्त, म्हणून गाणी सात-आठावर येतात. गाण्यांचे गट पाडलेले असतात. नव्या गाण्यांच्या स्टेशनाचं एक नमुना क्लॉक घेऊ: 'पॉवर', म्हणजे या घडीची सर्वांत चालणारी, तासाला ४. अजून रुळायची असलेली नवी २. गेल्या वर्ष-दोन वर्षांतली 'रिकरंट' ४. त्याहून जुनी 'गोल्ड' २.

आता प्रत्येक गटात गाणी किती ठेवायची? इथेच स्टेशनाचा स्वभाव ठरतो. पॉवरमध्ये ७ गाणी ठेवली आणि तासाला ४ वाजवली, तर प्रत्येक गाणं पावणेदोन तासांनी परत येतं. दिवसाला जवळजवळ १४ वेळा. नव्यांत १० ठेवली तर पाच तासांनी. रिकरंटमध्ये ६१, म्हणजे सव्वापंधरा तासांनी. गोल्डमध्ये २००, म्हणजे १०० तासांनी. बेरीज करा: २७८ गाणी. एवढ्यावर चोवीस तासांचं स्टेशन चालतं. 'यांच्याकडे गाणीच नाहीत' हे म्हणणं चुकीचं आहे. गाणी हजारो असतात, चालू ठेवलेली तीनशेच्या आत असतात.

७ आणि ६१ हे आकडे उगाच नाहीत. पॉवरमध्ये ८ गाणी ठेवून बघा. तासाला ४ म्हणजे दिवसाला ९६ जागा, आणि ९६ ला ८ ने पूर्ण भाग जातो. परिणाम असा की आज ८ वाजून ५ मिनिटांनी लागलेलं गाणं उद्याही ८ वाजून ५ मिनिटांनीच. रोज त्याच वेळी गाडीत बसणाऱ्याला आठवडाभर तेच गाणं, आणि गटातली बाकीची बहुतेक कधी कानावर पडत नाहीत. ७ ने भागलं की ५ उरतात, त्यामुळे रोज क्रम सरकतो. गोल्डमध्ये दिवसाला ४८ जागा, तिथे १९२ गाणी ठेवली तर बरोब्बर चार दिवसांनी त्याच वेळेला तेच. २०० ठेवली की दर फेरीला चार तास पुढे सरकतं. नवशिका मॅनेजर दिवसाच्या जागांशी नेमके जुळणारे आकडे ठेवतो आणि श्रोते नेमके त्याच दोषावर बोट ठेवतात.

मग पुनरावृत्ती मुळात हवीच कशाला? कारण माणूस सलग ऐकत नाही. गाडीत अर्धा तास, स्वयंपाक करताना पाऊण तास. मुंबईत २००७ पासून श्रोतृमोजणी झाली ती रोजनिशी पद्धतीने: निवडलेल्या लोकांनी कोणतं स्टेशन केव्हा ऐकलं ते भरून द्यायचं, आणि गणना पाव तासाच्या तुकड्यांत. मग स्टेशनाचा सगळा प्रयत्न एकच, माणसाने काटा लावला की पहिल्या काही मिनिटांत ओळखीचं गाणं लागलं पाहिजे. दिवसभर रेडिओ लावून बसणारा शिंपी किंवा दुकानदार या हिशेबात भरडला जातो. तक्रार करणारा बहुधा तोच असतो, आणि त्याची तक्रार रास्त आहे.

क्लॉकवर नियमांचा दुसरा थर. एकाच गायकाची दोन गाणी अर्ध्या-पाऊण तासात नकोत. एका चित्रपटाची दोन गाणी तासाभरात नकोत. दोन संथ गाणी पाठोपाठ नकोत. जाहिरातींनंतर पहिलं गाणं पॉवरचंच. पाश्चात्त्य सॉफ्टवेअरला 'कलाकार' म्हणजे एक नाव अपेक्षित असतं. आपल्याकडे गायक, संगीतकार, चित्रपट आणि पडद्यावरचा नट अशी चार नावं एका गाण्याला. सगळ्यांवर अंतराचे नियम लावले की सॉफ्टवेअरला गाणंच सापडत नाही. नव्या हिंदी गाण्यांत अरिजित सिंग इतका की पाऊण तासाचा नियम लावला तर निम्मा गट बाद. जुन्यांत लता, आशा, रफी, किशोर एवढ्यांतच बहुतेक गट संपतो. म्हणून तिथे गायकाचं अंतर वीस मिनिटांवर आणायचं, चित्रपटाचं कडक ठेवायचं.

नियम जुळले नाहीत तर लॉगमध्ये जागा रिकामी राहते. ती हाताने भरायची असते. विसरली तर प्लेआउट ती गाळून पुढे जातं, तास चार मिनिटांनी आखूड होतो आणि नऊनंतरचा म्हणून विकलेला जाहिरातीचा स्पॉट नऊच्या आधी वाजतो. मग तो स्पॉट फुकटात पुन्हा वाजवावा लागतो.

दुसरी नेहमीची गडबड नावांच्या नोंदीत. एका गाण्याला 'मोहम्मद रफी' आणि दुसऱ्याला 'मोहंमद रफी' असं टाइप झालं की सॉफ्टवेअरच्या लेखी हे दोन गायक. पाठोपाठ रफीची दोन गाणी लागतात आणि नियम मोडल्याचं कुठे दिसतही नाही. मूळ गाणं आणि त्याचं रिमिक्स वीस मिनिटांच्या अंतराने लागतात तेही असंच, दोघांना एकाच धाग्यात बांधून ठेवलेलं नसतं. तिसरी गडबड सणांची. गणपतीत आरत्यांचा गट सुरू करताना बंद करायची तारीखही टाकावी लागते. ती राहिली की अनंत चतुर्दशी उलटून गेल्यावर पितृपक्षात सुखकर्ता दुखहर्ता.

काही दिवस नियम बंदच ठेवावे लागतात. ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या आणि दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. अशा दिवशी गायकाच्या अंतराचा नियम उलटा करायचा असतो: त्यांचंच गाणं हवं, आणि तेही उडतं नको. त्यासाठी लॉग हाताने बांधणं, धिंगाण्याचे जिंगल काढणं, आणि हसऱ्या जाहिराती पुढच्या दिवसांत ढकलणं एवढी कामं पहिल्या तासाभरात करावी लागतात.

गट कसे ठरतात? गाण्याचे सात ते दहा सेकंदांचे तुकडे, बहुधा मुखड्याचे, लोकांना ऐकवतात. तीन गोष्टी विचारतात: ओळखता का, आवडतं का, कंटाळा आलाय का. तिसऱ्या उत्तराला धंद्यात 'बर्न' म्हणतात. आवड जास्त आणि बर्नही वाढलेला, तर गाणं पॉवरमधून काढून महिनाभर विश्रांतीला, मग रिकरंटमध्ये. या चाचणीचा एक दोष उघड आहे. दहा सेकंदांत मुखडा कळतो, अंतऱ्यात खुलणारं गाणं कळत नाही. न ओळखलेल्या गाण्याला गुण मिळत नाहीत, आणि गुण न मिळालेलं वाजत नाही, म्हणून ते कधी ओळखीचंही होत नाही. 'गोल्ड' म्हणून तीच दीडदोनशे गाणी फिरत राहतात त्याचं मूळ इथे आहे.

गाण्याला कात्रीही लागते. सहा मिनिटांच्या गाण्यातून एक अंतरा आणि मधला वाद्यांचा तुकडा काढून सव्वातीन-साडेतीनवर आणतात. कापताना ठेका एक मात्रा जरी चुकला तरी कानाला ठेच लागते. आवाजावरही संस्कार होतो: प्रक्षेपणाआधी एक प्रोसेसर हळू आवाज वर आणि मोठा खाली दाबून सगळं एका पातळीला आणतो. नव्या गाण्यांसाठी लावलेली तीच मांडणी जुन्या एकमार्गी (मोनो) ध्वनिमुद्रणाला लावली, की शांत जागेतली तबकडीची खरखर वर येते आणि गायकाचा श्वास फुगतो. जुन्या गाण्यांच्या स्टेशनाने प्रोसेसरची वेगळी मांडणी ठेवायला हवी. न ठेवणारं स्टेशन पहिल्या संथ गाण्यात कळतं.

मराठी गाण्यांचा प्रश्न याच हिशेबात अडकलाय. मुंबईतली मोठी स्टेशनं देशभराच्या साखळीचा भाग आहेत. जाहिराती साखळीला मिळतात आणि हिंदी गाण्यांचा गट सगळीकडे चालतो, मराठीचा फक्त इथे. म्हणून मुंबईत मराठी तासापुरती, आणि कोल्हापुरात भरपूर. या गणिताच्या बाहेर कोण आहे? आकाशवाणीची केंद्रं, आणि सामुदायिक रेडिओ: पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर, म्हसवडचं माणदेशी तरंग ९०.४ वर. सामुदायिक केंद्रांना साधारणपणे १०० वॅट प्रक्षेपणशक्तीची मर्यादा असते, त्यामुळे पल्ला काही किलोमीटरांचाच. पण तिथे ओवी आणि जात्यावरची गाणी लावायला कोणाचे गुण लागत नाहीत.

आपल्या स्टेशनाची चौकट स्वतः तपासायची असेल तर कागद-पेन पुरे. कामाच्या दिवशी दुपारचे दोन तास निवडा, कारण सकाळी बोलणं जास्त असतं. प्रत्येक गाण्याची सुरुवातीची वेळ, चित्रपट, गायक आणि अंदाजे वर्ष लिहा. जाहिराती कधी सुरू झाल्या आणि किती मिनिटं चालल्या तेही. दुसऱ्या दिवशी त्याच दोन तासांत पुन्हा. पहिल्या दिवसाच्या दोन तासांतच जे गाणं दोनदा आलं ते पॉवर. दोन्ही दिवशी साधारण त्याच मिनिटाला ज्या काळातलं गाणं येतं, ती त्या गटाची क्लॉकमधली जागा. दर जाहिरातीनंतर काय लागतं ते वेगळं बघा. आणि तेच गाणं दोन्ही दिवशी त्याच मिनिटाला सापडलं, तर गटातल्या गाण्यांची संख्या चुकली आहे. स्टेशनाला वेळेसकट कळवा: 'गाणी बदला' असं म्हणू नका, 'या गटात एक गाणं वाढवा' म्हणा. ते काम मॅनेजरला दोन मिनिटांत करता येतं.